दहा, किंग हेन्रीज रोड : एका घराची खरेदी

लंडनमध्ये मराठी माणसाच्या इतिहासाचे जे पत्ते आहेत, ते बहुतेक पाहुण्यांचे पत्ते आहेत. चिरोल खटल्याच्या निमित्ताने लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये तेथे राहिले. मेडा व्हेल भागातील हाउली प्लेस या रस्त्यावरील दहा क्रमांकाच्या घराच्या भिंतीवर तशी पाटी आहे. हायगेटच्या क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यूवरील पासष्ट क्रमांकाच्या घरावर सावरकरांच्या नावाची पाटी आहे. या पाट्या निळ्या, गोल, मोजक्या शब्दांच्या असतात. थोर माणसांच्या घरांवर अशा पाट्या लावण्याची प्रथा लंडनमध्ये १८६६ साली सुरू झाली. या प्रथेमागे एक गृहीत आहे, ते असे की घर ज्याचे आहे त्याचेच राहील आणि आत माणसे नांदत राहतील. वाटसरूने पाटी वाचावी आणि पुढे जावे. म्हणजे स्मृतीचा हक्क भिंतीच्या बाहेरच्या बाजूपुरता.

प्रिमरोज हिलच्या परिसरातील किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घरावरही अशी एक पाटी होती. १९२१-२२ मध्ये डॉ. भीमराव रामजी आंबेडकर येथे राहत होते, असे ती सांगत असे. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते घरच विकत घेतले. भिंतीबाहेरून आत जाण्याचा हा निर्णय होता. त्यावर आपल्याकडे लिहिले गेले ते मुख्यतः दोन सुरांत, एक अभिमानाचा आणि दुसरा खर्चाच्या हिशेबाचा. दोन्ही सूर आम्हांला अपुरे वाटतात. घर विकत घेणे ही सांस्कृतिक कृती म्हणून काय असते, आणि ज्या माणसासाठी ते घेतले त्याच्या आयुष्यात ‘घर’ या शब्दाचा अर्थ काय होता, हे प्रश्न त्या गदारोळात मागे पडले. त्यांच्याकडे वळण्यापूर्वी त्या जमिनीचा इतिहास थोडा पाहिला पाहिजे.

रस्त्याच्या नावातील हेन्री म्हणजे इंग्लंडचा राजा सहावा हेन्री. त्याने १४४० साली ईटनचे विद्यालय स्थापन केले आणि त्याच्या निर्वाहासाठी ठिकठिकाणच्या जमिनी लावून दिल्या. लंडनच्या वायव्येची चॅल्कॉट्स ही शेतजमीन त्यांपैकी एक. ईटनकडे येण्यापूर्वी ही जमीन सेंट जेम्सच्या महारोगी स्त्रियांच्या आश्रमाची होती. ज्यांना नगराने वेशीबाहेर काढले त्यांच्या पोटापाण्यासाठी नेमलेली जमीन १४४९ मध्ये राज्यातील सर्वांत प्रतिष्ठित विद्यालयाकडे गेली. इतिहासाच्या अशा योगायोगांतून फार अर्थ काढू नये हे आम्हांला कळते. पण ते नजरेआडही करवत नाही.

पुढची जवळजवळ चार शतके तेथे गुरे चरत होती. एकोणिसाव्या शतकात लंडन पसरू लागले तसे ईटनच्या विश्वस्तांच्या लक्षात आले की गवतापेक्षा घरांचे पीक अधिक येईल. १८२६ साली पार्लमेंटकडून कायदा करून घेऊन त्यांनी नव्व्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने जमीन देण्याची मुभा मिळवली. लंडन-बर्मिंगहॅम रेल्वे आली तेव्हा रूळ उघड्यावरून न नेता बोगद्यातून न्यावेत, असा आग्रह त्यांनी धरला, कारण वरच्या जमिनीवर पुढे घरे बांधायची होती. १८४२ मध्ये प्रिमरोज हिलची टेकडी सरकारकडे जाऊन लोकांना खुली झाली, आणि टेकडीशेजारच्या भूखंडांना भाव आला. शतकाच्या मध्यापासून फेलोज रोड, प्रॉव्होस्ट रोड, किंग हेन्रीज रोड असे ईटनच्या परंपरेची आठवण वागवणारे रस्ते एकामागून एक आखले गेले.

या घरांची रचना समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढचा सारा वाद त्या रचनेतून निघाला. रुंदीला कमी, उंचीला जास्त, मजल्यावर मजला असलेली ही घरे मध्यमवर्गीय कुटुंबासाठी बांधलेली होती. जमिनीखालच्या मजल्यात स्वयंपाकघर, त्यावर दिवाणखाना, त्यावर निजण्याच्या खोल्या आणि अगदी वर पोटमाळ्यात नोकर. जमीनदाराच्या अशा वसाहतींत पट्ट्याच्या अटीही सर्वसाधारणपणे ठरलेल्या असत. घरात दुकान घालू नये, कारखाना काढू नये, वस्तीच्या सभ्यतेला बाध येईल असे काही करू नये. वस्ती केवळ राहण्यासाठी, व्यवहार अन्यत्र, हा व्हिक्टोरियन मध्यमवर्गाचा आदर्श होता.

आदर्श मात्र जमाखर्चापुढे टिकला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी कुटुंबे लहान झाली, श्रीमंत आणखी दूरच्या उपनगरांत गेले, पहिल्या महायुद्धानंतर घरकामाला माणसे मिळेनाशी झाली. एवढाले घर सांभाळणे परवडेना, तेव्हा लंडनच्या अनेक वस्त्यांत अशी घरे खोल्याखोल्यांनी भाड्याने जाऊ लागली. घरमालकीण खाली राहायची, सकाळची न्याहारी द्यायची, वरच्या खोल्यांत कारकून, शिक्षिका, परदेशी विद्यार्थी. दारावर दुकानाची पाटी नसे, पण घर हाच धंदा झालेला असे. कायद्याच्या कागदावर निवास आणि प्रत्यक्षात निवास व उपजीविका यांची सरमिसळ, अशी ती वास्तू होती. वसाहतींतून आलेल्या तरुणांचे लंडन हे अशा घरांचे लंडन आहे. श्यामजी कृष्णवर्मांनी १९०५ साली हायगेटचे घर घेऊन त्याचे ‘इंडिया हाउस’ केले, तेव्हा त्यांनी हीच सोय जाणीवपूर्वक वापरली. वर विद्यार्थ्यांच्या खोल्या, खाली व्याख्याने आणि राजकारण.

आंबेडकर अशा लंडनमध्ये दुसऱ्यांदा आले ते १९२० च्या जुलैमध्ये. १९१६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये त्यांनी नाव घातले होते. पण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. मधल्या काळात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अध्यापन करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांचे साहाय्य झाले, मित्र नवल भथेना यांनी उसने दिले, आणि ते पुन्हा निघाले. त्याच वर्षी जानेवारीत ‘मूकनायक’ सुरू झाला होता आणि मार्चमध्ये माणगावची परिषद झाली होती. म्हणजे लंडनमधला हा विद्यार्थी मागे एक चळवळ सोडून आला होता आणि एकेका शिलिंगाचा हिशेब ठेवत होता.

त्या काळातील त्यांच्या दिनक्रमाचे वर्णन चरित्रग्रंथांतून आपल्या परिचयाचे आहे. सकाळी ग्रंथालयात शिरायचे ते बंद होण्याच्या वेळी बाहेर पडायचे. घरमालकिणीच्या तुटपुंज्या न्याहारीवर दिवस काढायचा. रात्री भूक लागली की जवळचे पापड भाजायचे. धनंजय कीर आणि चां. भ. खैरमोडे यांच्या चरित्रांनी हे पापड मराठी वाचकाच्या स्मृतीत कायमचे ठेवले आहेत. आम्हांला या तपशिलात करुणेइतकेच दुसरेही काही दिसते. ती घरमालकीण चिक्कू होती अशी तक्रार आहे, पण तिने या भाडेकरूला जात विचारली अशी तक्रार नाही. ती कंजूष होती ती सर्वांशीच. भाडे घ्यावे, खोली द्यावी, यापलीकडे तिला स्वारस्य नव्हते. साम्राज्याच्या राजधानीत वर्णभेद होता, गोऱ्यांचा अहंकार होता, हे खरे. तरी भाड्याच्या खोलीचा हा कोरडा, हिशेबी व्यवहार बडोद्यात जे घडले त्याच्या शेजारी ठेवून पाहिला पाहिजे.

बडोद्यात काय घडले ते आंबेडकरांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लहानशा आत्मनिवेदनात लिहून ठेवले आहे. परदेशी शिक्षण घेऊन १९१७ साली ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यास गेले. कोणत्याही हिंदू खाणावळीत जागा मिळणे शक्य नव्हते. पारशी सराय होती, पण ती पारशांपुरती. तेव्हा पारशी नाव धारण करून ते तेथे राहिले. दिवसाला दीड रुपया ठरला. वरच्या मजल्यावर अंधार, अडगळ, वटवाघळे, आणि सोबतीला पुस्तके. अकराव्या दिवशी सकाळी लाठ्या घेतलेल्या पारशांचा जमाव आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास त्यांना बजावले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती अशा दोन स्नेह्यांची दारे त्यांनी ठोठावली. दोन्हीकडे नकार आला, आपापल्या परीने सभ्य शब्दांत. मुंबईच्या गाडीला अवकाश होता. तोवर कोलंबिया विद्यापीठाचा हा पदवीधर कमाटी बागेत बसून राहिला.

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला येथे बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा आठवल्याशिवाय राहणार नाही. १९६३ साली त्याच नावाच्या संग्रहात आलेल्या या कथेतील नायकही परगावी नोकरीला गेला आहे आणि डोके टेकायला जागा मिळावी म्हणून जात लपवतो आहे. बडोद्याची घटना आणि ही कथा यांच्यामध्ये शेहेचाळीस वर्षे आहेत, स्वातंत्र्य आहे आणि संविधान आहे. तरी प्रश्न तोच, खोली कोण देणार? दलित आत्मकथनांकडे या दृष्टीने पाहिले तर ती मोठ्या प्रमाणावर पत्त्यांचे वाङ्मय आहे. ‘बलुतं’मधला कावाखाना हा एक पत्ता आहे. माधव कोंडविलकरांनी तर पुस्तकाच्या शीर्षकातच ‘मुक्काम पोस्ट’ लिहिले. लक्ष्मण मानेंच्या ‘उपरा’मध्ये पत्ताच नसणे हा विषय आहे. घर ही या साहित्यात खाजगी, ऊबदार गोष्ट नसते. ती समाजाने दिलेल्या किंवा नाकारलेल्या परवानगीची खूण असते.

आंबेडकरांच्या स्वतःच्या घरांकडेही असेच पाहता येते. परळच्या बीआयटी चाळीत, पन्नास आणि एक्कावन्न क्रमांकांच्या खोल्यांत, त्यांची सुमारे दोन दशके गेली. प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधारणा मंडळाने श्रमिकांसाठी बांधलेल्या या चाळी होत्या. अभ्यास आणि संसार एकमेकांना खेटून चालत होते. मग १९३० नंतरच्या वर्षांत त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले. वस्ती मुख्यतः ब्राह्मणांची आणि सुस्थित मध्यमवर्गाची. नाव मगधाच्या प्राचीन राजधानीचे. खाली कुटुंबाच्या राहण्याच्या जागा, वर ग्रंथालय आणि कचेरी. ग्रंथांसाठी घर बांधले, असे राजगृहाविषयी म्हटले जाते आणि ते खरे आहे. पण ते कोठे बांधले, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. ज्याला बडोद्यात अकराव्या दिवशी बाहेर काढले होते, त्याने शहराच्या प्रतिष्ठित वस्तीत भूखंड घेऊन स्वतःच्या नावावर इमारत उभी केली, आणि तीत निवास, अभ्यास व सार्वजनिक काम एकत्र नांदवले. दुसऱ्या एका भूखंडावर ‘चारमिनार’ नावाची इमारतही त्यांनी बांधली होती. ती पुढे विकली. राजगृह मात्र राखले. येथेच १९३५ मध्ये रमाबाईंचे निधन झाले, आणि येथेच डिसेंबर १९५६ मध्ये बाबासाहेबांचे पार्थिव आणले गेले.

या पार्श्वभूमीवर २०१५ च्या खरेदीकडे यावे. किंग हेन्रीज रोडवरील घर विक्रीला निघाल्याचे ब्रिटनमधील आंबेडकरवादी आणि बौद्ध संघटनांच्या महासंघाने भारतात कळवले, पाठपुरावा केला, आणि महाराष्ट्र शासनाने तीस लाख पौंडांहून अधिक किंमत देऊन ते घेतले. १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत स्मारकाचे उद्घाटन केले. या क्रमात पुढाकार कोणाचा, हे नोंदवून ठेवण्यासारखे आहे. श्रेय घेणारे पुष्कळ होते. पण परदेशात स्थायिक झालेल्या, स्वतः कधीकाळी भाड्याच्या खोल्या शोधलेल्या पिढीची दृष्टी त्या घरावर होती म्हणून हे घडले. शासनाने पैसा दिला, स्मृती समाजाने जपलेली होती.

खरेदीखत झाले म्हणजे घर आपले झाले, अशी आपली समजूत असते. इंग्लंडच्या नगररचना कायद्यात ती पुरी पडत नाही. मालकी एक, वापर दुसरा. निवासी घराचे संग्रहालय करायचे तर वापरातील तो बदल स्थानिक नगरपालिकेकडून मंजूर करून घ्यावा लागतो. येथे स्मारक आधी उघडले आणि परवानगीचा अर्ज मागाहून गेला. शेजारच्या काही रहिवाशांनी गर्दीबद्दल आणि आवाजाबद्दल हरकत घेतली. कॅम्डेन नगरपालिकेने २०१८ मध्ये अर्ज फेटाळला. कारण असे की शहरात राहत्या घरांची टंचाई आहे, आणि या बदलाने एक राहते घर कमी होते. अपील झाले, २०१९ मध्ये चौकशी झाली, आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटनचे तत्कालीन गृहनिर्माणमंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी संग्रहालयाला मंजुरी दिली.

आपल्याकडील वृत्तपत्रांतून हा वाद बहुधा बाबासाहेबांचा अवमान म्हणून मांडला गेला. शेजाऱ्यांच्या तक्रारीत सुखवस्तू वस्तीचा कपाळावर आठ्या घालणारा स्वभाव असेलही. आपल्या रस्त्यावर कोण यावे, कसे यावे, किती मोठ्याने बोलावे, हे ठरवण्याची सवय अशा वस्त्यांना असतेच, मग ती लंडनची असो की दादरची. परंतु नगरपालिकेच्या म्हणण्याला एक वजन आहे, आणि आंबेडकरांच्या वाचकाने तरी ते झटकून टाकू नये. माणसाला राहायला जागा हवी, हा युक्तिवाद आंबेडकरांच्या विरोधातला युक्तिवाद असू शकत नाही. ज्याने जागेसाठी नाव बदलले, त्याच्या स्मारकाविरुद्ध ‘एक राहते घर कमी होते’ हे कारण पुढे यावे, यात इतिहासाचा जो पेच आहे तो अवमानाच्या भाषेत हरवून जातो.

मग स्मारक चूक होते काय? आमचे उत्तर नाही असे आहे. मात्र ते भावनेच्या आधारे देऊ नये. तीस लाख पौंडांचे घर निवासी ठेवले असते तरी त्यात कोणताही गरजू भाडेकरू गेला नसता. घरमालकीण, न्याहारी आणि परदेशी विद्यार्थी यांचा तो रस्ता केव्हाच इतिहासजमा झाला आहे. ज्या वस्तीत १९२१ साली पैशांची ओढाताण असलेला विद्यार्थी खोली घेऊ शकत होता, तेथे आज त्याला पाऊल ठेवणे परवडणार नाही. संग्रहालयाने निदान ते दार सर्वांना उघडे केले. महाराष्ट्रातून गेलेला एखादा विद्यार्थी तेथे कोणाच्याही परवानगीशिवाय जिना चढून वर जाऊ शकतो. स्मारकाचे समर्थन करायचे तर ते या उघड्या दाराच्या आधारे करावे.

परंतु त्याबरोबर एक जबाबदारी येते, आणि तेथे आमची तक्रार आहे. विकत घेतलेल्या घराला मालकाच्या दृष्टीने इतिहास सांगण्याचा मोह होतो. ‘बाबासाहेबांचे घर’ हा शब्दप्रयोग आपण सहज करतो; पण ते त्यांचे घर नव्हते. ते तेथे भाडेकरू होते, मोठ्या घरातल्या खोलीपुरते. सबंध इमारत त्यांच्या नावे झाली की ही गोष्ट पुसली जाते. नीटनेटका पलंग, मांडून ठेवलेले टेबल, भिंतीवरची छायाचित्रे यांतून एक प्रतिष्ठित निवास डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि खोलीचे भाडे, अपुरी न्याहारी, ग्रंथालयातून उशिरा परतणे हे सारे शोभेच्या मागे जाते. दिल्लीत अलीपूर रोडवर, जेथे त्यांचे निधन झाले, तेथे तर मूळ वास्तूच राहिली नाही. २०१८ मध्ये त्या जागी पुस्तकाच्या आकाराचे भव्य स्मारक उघडण्यात आले. ते भव्य आहे, पण तेथे गेल्यावर माणूस कोठे झोपत होता हे कळत नाही. लंडनच्या घराला ती संधी अजून आहे. त्यातली एक खोली तरी भाड्याची खोली म्हणून राखावी. लंडनमधल्या वसाहतींच्या विद्यार्थ्यांचा, घरमालकिणींचा आणि ईटनच्या पट्ट्यांचा इतिहास तेथे सांगावा. बडोद्याच्या सरायीचे निवेदन त्याच्या शेजारी असावे. तसे झाले तर या खरेदीला वाङ्मयीन अर्थ प्राप्त होईल.

त्या काळात आंबेडकरांनी जे लिहिले तेही या घराचाच भाग आहे. १९२१ मध्ये एम.एस्‌सी.चा प्रबंध झाला. त्याचा विषय ब्रिटिश भारतातील साम्राज्याच्या अर्थव्यवस्थेचे प्रांतिक विकेंद्रीकरण हा होता. १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले आणि त्याच वर्षी रुपयाच्या प्रश्नावरील डी.एस्‌सी.चा प्रबंध सादर केला. परीक्षकांना तो साम्राज्याच्या धोरणावर फार कठोर वाटला. फेरफार करून तो पुन्हा द्यावा लागला. १९२३ मध्ये तो लंडनमध्येच ग्रंथरूपाने निघाला, प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या प्रस्तावनेसह. या प्रस्तावनेत कॅनन यांनी लेखकाशी असलेले आपले मतभेद मोकळेपणाने नोंदवले आहेत. आमच्या वर्गांतून आंबेडकर शिकवले जातात ते बहुधा भाषणांतून. रुपयाचा प्रबंध साहित्याच्या विद्यार्थ्याने कशाला वाचावा, असे आम्हांला विचारले जाते. उत्तर एवढेच की ज्याला खोलीभाडे कसे द्यायचे ही चिंता होती, तो माणूस एका साम्राज्याच्या चलनाचा हिशेब तपासत होता. त्या गद्याचा निर्विकार, पुराव्यांवर पाय रोवून उभा असलेला सूर ऐकल्याशिवाय त्याच्या नंतरच्या संतापाची जात कळत नाही.

लंडनच्या स्मारकाला परवानगी मिळाली ते २०२० सालच्या मार्चमध्ये. त्याच वर्षी ७ जुलैच्या संध्याकाळी दादरच्या राजगृहावर हल्ला झाला. आवारातल्या कुंड्या फोडल्या गेल्या, खिडक्यांच्या काचा फुटल्या. प्रिमरोज हिलच्या शेजाऱ्यांचा आक्षेप कायदेशीर मार्गाने आला, त्याला कायदेशीर उत्तर मिळाले, आणि तो मिटला. हिंदू कॉलनीतल्या घराला, ज्याचे खरेदीखत बाबासाहेबांच्या स्वतःच्या नावे झाले होते, बांधून ऐंशीहून अधिक वर्षे झाल्यावरही पोलिसांचा पहारा लागला.